भाऊसाहेबांनी गाडी भरायला घेतली

विमानातले दोघे वाचले. गेले ते भाऊसाहेब.

दहा दिवस झाले. मला अजून हे उलटंच वाटतं.

भाऊसाहेब आमच्या धावपट्टीवरच्या फायर क्रूचे प्रमुख. मूळचे राहात्याचे. आधी बरीच वर्षं साखर कारखान्याच्या बंबावर होते. इथल्या मोठ्या गाडीलाही ते शेवटपर्यंत बंबच म्हणत.

त्या दुपारी टॉवरवरून निरोप आला. लष्कराचं सरावाचं विमान उतरतंय, एक चाक बाहेर येत नाही. आत दोघे. शिकवणारा अधिकारी आणि एक कॅडेट.

आम्ही गाडी धावपट्टीलगत नेऊन उभी केली.

विमान टेकलं. एका पंखावर कललं. फरफटत गवतात गेलं.

मग धूर.

मी फोम मारत होतो. भाऊसाहेब पंखावर चढले. वरची काच उघडेना. त्यांनी ती कुऱ्हाडीने फोडली, कॅडेटचे पट्टे कापले आणि तिला आमच्या हातात दिलं. मग मागच्या सीटवरचा अधिकारी. तो बेशुद्ध होता, अंगानेही जड. त्याला त्यांनी जवळजवळ एकट्याने बाहेर ओढलं.

कॅडेट एकवीस-बावीसची मुलगी. भाऊसाहेबांची बाही धरून बसली, सोडेना.

"सोड बाई. कोट सरकारी हाय, फाडू नको."

तिला मराठी कळत नसावं. तरी हसली.

अ‍ॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी भाऊसाहेबांचा चेहरा पाहिला आणि त्यांनाही आत बसायला सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, मग गाडी कोण भरणार?

गाडीतलं पाणी आणि फोम संपला की धावपट्टी बंद. पुन्हा भरेपर्यंत एकही विमान उतरत नाही. म्हणून कॉलवरून आलो की आधी गाडी भरायची, मग आपण पाणी प्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लावलेली शिस्त. कोणी दमून खाली टेकला की ते विचारायचे, "बंब उपाशी, आन् तू बसला व्हय?"

सहा वर्षं मी हे ऐकत होतो.

त्या दिवशी पाइप जोडता जोडता ते थांबले. गाडीचा दरवाजा धरला.

"जरा बसतो रे."

मी म्हणालो, "बंब उपाशी, आन् तुमी बसला व्हय?"

सगळे हसले. तेही हसले.

आणि त्यांनी पाइप जोडला.

टाकी अर्धी भरली असेल. ते पडले.

अ‍ॅम्ब्युलन्स त्या दोघांना घेऊन गेली होती. आम्ही भाऊसाहेबांना जीपमध्ये घातलं. कोपरगावला दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला. हार्ट, म्हणाले.

मागे राहिलेल्यांनी टाकी भरली. धावपट्टी सुरू झाली. आम्ही परत येत होतो तेव्हा डोक्यावरून प्रवाशांचं विमान खाली उतरलं. वेळेपेक्षा थोडं उशिरा, इतकंच.

संध्याकाळी काकूंनी, भाऊसाहेबांच्या बायकोने, मला विचारलं. शेवटी काही बोलले का?

मी नाही म्हणालो.

आज गोदावरीवर त्यांचा दहावा झाला. माणसं पांगल्यावर मी काकूंजवळ गेलो आणि सांगितलं. ते काय म्हणाले, त्यावर मी काय म्हणालो. सगळे हसले, तेही सांगितलं.

काकू तांब्या पुसत होत्या. कोरडा झाला तरी पुसत राहिल्या.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं ऐकलं व्हय त्यांनी? माझं तर कदी ऐकलं न्हाई."

तांब्या पिशवीत ठेवून त्या गाडीकडे चालू लागल्या.

भाऊसाहेब, तुमच्या क्रूमधल्या माणसाचा अखेरचा नमस्कार.