अण्णांची परंपरा आणि वहिनींची सीट

निवडणूक संपते, बॅनर उतरतात, पण किस्से मात्र घरी मुक्कामालाच येतात! मी रिटायर्ड मास्तर. आमच्या शहापूरकडच्या दामूअण्णांना भाषणं लिहून द्यायचो. पंचायत समितीला ते दोनदा पडले, पण त्यात माझा दोष नाही. माझा कागद त्यांनी कधी वाचलाच नाही!

खर्डीच्या सभेत अण्णा गरजले, "सरकारनं शेतकऱ्याच्या कामात नाक खुपसू नये!" टाळ्या. मागून एकजण ओरडला, "मंग भाताला बोनस कोण देणार?"

अण्णा अडखळलेसुद्धा नाहीत. "नाक नको म्हटलं रे, हात नको कुठं म्हटलं?"

एका पाड्यावर म्हणाले, "फुकटचं घेणं हा आपला संस्कार नाय!" पुढे बसलेली म्हातारी उठली. "दिवाळीला दिलेली साडी परत नेतोस का मंग?"

अण्णा खाली उतरून तिच्या पाया पडले. "आयची साडी परत घेणं, हा तरी कुठला संस्कार?"

"जमीन म्हणजे आय, आय विकू नका!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आसनगावात कोणीतरी विचारलं, "तुमी तर रस्त्याकडची बंगलेवाल्याला विकली ना?"

अण्णांचा आवाज एकदम उतरला. "म्हणूनच सांगतो. तिकडून जाताना मान वर होत नाय माझी."

सभेनंतर गाडीत मी म्हटलं, "अण्णा, काय सुचलं तुम्हाला!"

"मास्तर," ते म्हणाले, "ते भाषण नव्हतं."

तिसऱ्या वेळी आमच्या गणाची सीट महिलांसाठी राखीव झाली. अण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. 'बाईची जागा घरात' हे वर्षानुवर्षं माइकवर सांगितलेलं! तिसऱ्या दिवशी बायकोला, आमच्या वत्सलावहिनींना, घेऊन स्टेजवर चढले. "हा सगळा गण म्हणजे आपलं घर! आणि घर कोणी सांभाळायचं? बाईनं!"

वहिनी निवडून आल्या! मुरबाडला त्यांच्या माहेरी सत्कार होता. जावई म्हणून अण्णांना टोपी, शाल, मधली खुर्ची. एका पत्रकारानं वहिनींना विचारलं, "आता निर्णय कोण घेणार? तुम्ही की अण्णा?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आमी परंपरा मानणारी माणसं. लग्न झाल्यापासून घरात ज्याचं चालत आलंय, त्याचंच चालणार."

अण्णांनी समाधानानं मान डोलावली.

"अहो," वहिनी त्यांच्याकडे वळल्या, "उठा. मंडळींच्या चहाचं बघा."

अण्णा उठले.