जंबेरीचा वास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही. आणि दादाला — त्याला तर आता सांगताही येणार नाही. माझा थोरला भाऊ जाऊन अडीच महिने झाले. मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, पुस्तकी माणूस आहे, आतल्या आत सोसतो. तसंही नाही. आत काही हलतच नाही. सकाळी पेपर उलगडतो आणि एकाच बातमीवर अर्धा तास बसून राहतो.

कुठून सुरुवात करू? कलमापासूनच करतो.

काटोल रोडवर, नागपूरपासून तासाभरावर, दादाची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. मी शहरात एका शाळेत मराठी शिकवायचो. संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरीचं रोप, त्याला खुंट म्हणतात, आणि वर त्यात बसवलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब. जंबेरी ही एक आंबट, काटेरी लिंबाची जात. मुळं तिची, फळ संत्र्याचं. शेतकरी विकत घेतो ती नुसती एक हिरवी काडी. ती फळाला येते साधारण पाचव्या वर्षी. तोवर माल चांगला होता की नाही, कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मधली सगळी वर्षं शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर काढतो. दादाचा शब्द पार नरखेडपर्यंत चालायचा.

हे मला ठाऊक होतं — म्हणूनच मी नेमका तिथे हात घातला.

का? कारण सांगायलाही लाज वाटते, इतकं ते लहान आहे. संत्र्यावर मी एक पुस्तिका लिहिली होती. तीन वर्षं खपून. नागपुरात सदरमधल्या एका छापखान्यात पदरमोड करून छापून घेतली आणि एक गठ्ठा दादाकडे ठेवला, गिऱ्हाइकांना द्यायला. एका रविवारी गेलो, तर तो डोळ्यांच्या काड्या ओल्या कागदात गुंडाळत बसलेला. कागद माझ्या पुस्तिकेचे होते. समोर पाच-सात शेतकरी.

"काहून तोंड पाडतं गा गुरुजी?" दादा म्हणाला. "तुह्यं पुस्तक कोणाच्या तरी कामी येऊन राह्यलं ना!"

सगळे हसले. मीही हसलो. निघताना त्याने माझ्या पिशवीत वांगी भरून दिली, नेहमीसारखी. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

त्याच महिन्यात मी शाळेत एक तास घेतला होता — खोटा मेसेज कसा ओळखावा. खूप वाचून तयारी केली होती. मुलांना फळ्यावर लिहून दिलं: मेसेज पहिल्यांदा कुणी लिहिला ते शोधा. लिहिणाऱ्याला काय हवं आहे ते विचारा. ओळखायला शिकवणाऱ्याला तो बनवताही येतो, हे मात्र मी मुलांना सांगितलं नाही.

मेसेज चार ओळींचा होता. यंदा जंबेरीचं बी कमी आलं आहे — हे खरं होतं. काटोल रोडवर एक जुनी रोपवाटिका आहे, विहिरीपाशी चिंचेचं झाड आहे — हेही खरं होतं. तिथे या वर्षी कलमं भलत्याच खुंटावर बांधली आहेत, असं ऐकतो — एवढंच खोटं. शेवटी लिहिलं, 'नाव घेत नाही, कुणाचं नुकसान नको. कुणाला खात्रीची माहिती असल्यास सांगावं.' त्या शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तिच्यात किती सभ्यपणा होता!

बायकोच्या फोनवरून मी तो स्वतःलाच पाठवला आणि तिच्या फोनमधून पुसून टाकला. मग माझ्याकडून पुढे ढकलला, म्हणजे वर 'फॉरवर्डेड' असं उमटतं आणि लिहिणारा नाहीसा होतो. पाठवला एकट्या भाऊरावला. त्याने नुकतीच दादाकडची झाडं लावली होती आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. सोबत लिहिलं, 'हे मला आत्ता आलं. खरं नसावं.' जेवणं व्हायच्या आत मेसेज बागायतदारांच्या ग्रुपवर होता.

इथे थांबलो असतो तर? नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ग्रुपवर लिहिलं — ही अफवा आहे, माझा भाऊ असं कधीच करणार नाही. मला माहीत होतं लोक काय म्हणतील. तेच म्हणाले. "सख्खा भाऊ हाय, तो त म्हनंलच."

त्या हंगामात दादा मोटरसायकलवर गावोगाव फिरला. खुंटाला फुटलेली पानं चुरगाळून लोकांच्या नाकाशी धरायचा. "घ्या वास. जंबेरीच हाय का नाही?" लोक वास घ्यायचे. जंबेरीचाच असायचा. "हे झाड असंन गा खरं," ते म्हणायचे, "बाकीच्यायचं काय?" काहींनी लावलेली झाडं उपटली. चांगली, जिवंत झाडं. रोपवाटिकेतली कलमं वाफ्यातच वाढत राहिली, मग वाकडी झाली. दोन वर्षांनी दादाने फाटकाला कुलूप घातलं. नंतर तो माणसांत फारसा आला नाही.

त्या दोन वर्षांत मला एकच ओळ लिहायची होती: तो मेसेज माझा. फोन रोज हातात होता.

कुलूप घातलं त्या दिवशी मी तिथेच होतो. दादा चिंचेखाली बसला होता. म्हणाला, "तू तरी बोलला गा माह्यासाठी." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना मातीचा वास होता. मी तो हात तसाच राहू दिला.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. माझ्यामुळे गेला का? मला माहीत नाही. मी ते डॉक्टरांना विचारलं नाही.

तेरवीला भाऊराव आला, हातात पिशवी. त्याने झाडं उपटायचा कंटाळा केला होता. "हे तुमच्या दादाच्याच झाडायचे, गुरुजी," तो म्हणाला. "पह्यलाच बहार. फांद्यायले टेकू लावा लागले. कोनं सोडला होता तवा तो मेसेज, काय मालूम!" तो रडायला लागला. त्याला वाटत होतं, ग्रुपवर टाकलं म्हणजे दोष आपलाच. मी त्याला पाणी दिलं. बाकी काही दिलं नाही.

वहिनीने एक संत्रं सोलून दादाच्या फोटोपुढे ठेवलं. दुसरं माझ्या हातात दिलं.

"तुमी एकटेच बोलले होते भाऊजी," ती म्हणाली. "हे शेवटपर्यंत म्हनत, धाकटा माह्या बाजूनं उभा राह्यला."

मी "हो" म्हणालो.

संत्रं गोड होतं. मी ते सगळं खाल्लं.