धुरपताबाईची अफू

धुरपताबाईनं तीस वर्षं अफू खाल्ली आणि घरात कोणाला कळलं नाही. कळलं ते दहा लोकांसमोर, एका दारुड्याच्या तोंडून.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. जिल्ह्यात दारूबंदी होती, आणि नाचणगावच्या त्या बाजूला ती राबवायचं काम धुरपताबाईच्या मुलानं, रूपरावनं, स्वतःहून अंगावर घेतलं होतं. हातभट्टीची मडकी फोडायची, पिणाऱ्याला आणून आपल्या गोठ्यात बांधायचं, हे तो मन लावून करी. त्या दिवशी सदाशिव बांधलेला होता. पुलगावला हमाली करणारा, बत्तीस वर्षांचा. रूपरावनं त्याच्या कानाखाली दोन दिल्या, तसा तो शांतपणे म्हणाला, "मले मारतं? पहिले आपल्या मायची चंची पाह्य. बाजारातला जडीबुटीवाला तिले अफीम देते. मलेबी कधीमधी तोच देते."

गोठ्यात हसं झालं. रूपराव तडक घरी गेला. म्हातारी ओट्यावर बसली होती. त्यानं तिच्या कमरेची चंची ओढून उलटी केली. सुपारी, तंबाखू, आणि मेणकागदात गुंडाळलेली काळी गोळी खाली पडली.

"हे काय हाय?"

"औषद. गुडघ्याचं अन् कमरेचं. तुहा बाप मेला तवापासून चौदा वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे भरलेले बोद उचलले, त्याचं. दे इकडं."

त्यानं गोळी चुलीत टाकली.

पहिल्या दिवशी म्हातारी जांभया देत राहिली, नाकाडोळ्यांतून पाणी गळत राहिलं. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले, अंगावर काटा उभा राहिला, पाय आपटून आपटून टाचा सोलवटल्या. रूपरावनं बायकोला बजावलं, "ढोंग करून राह्यली. पाणी दे, बाकी काई नाई." चौथ्या दिवशी धुरपताबाई सुनेलाच आपली बहीण समजून बोलू लागली. मग मात्र शोभाबाईनं नवऱ्याला न विचारता शेजाऱ्याची बंडी जुंपायला लावली आणि सासूला वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

रूपराव संध्याकाळी पोचला. तिथं पुरुषांच्या वॉर्डात सदाशिवही होता. दोन दिवस गोठ्यात दारूवाचून राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले होते. त्याची बायको रूपरावकडे पाहून थुंकली.

डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या, वयानं रूपरावहून लहान. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"दोघांनाही तुम्हीच पाठवलंत म्हणे. दोघंही मरता मरता वाचले."

"नशा बंद केली मी. चुकलं काय?"

"सदाशिव रोजचा पिणारा. त्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो. त्याला आठवडाभर इथं झोपवून औषध द्यावं लागेल. तुमच्या आईचं वजन छत्तीस किलो आहे. तीस वर्षांची सवय आहे. तिची अफू थेंबाथेंबानं सात महिन्यांत सोडवायची. आणि तिचे गुडघे खरंच झिजलेत. कधी विचारलं होतं?"



बाईंनी अफूचं पातळ औषध लिहून दिलं. रोज सकाळी वीस थेंब, दर दहा दिवसांनी एक कमी. "तुम्ही द्यायचे," त्या म्हणाल्या.

"म्या? म्या आपल्या हातानं अफीम चारू?"

"सूनबाईंना दया येईल, त्या जास्त देतील. तुम्ही नाही देणार."

त्या दिवसापासून रोज सकाळी रूपराव वाटी घेऊन आईसमोर बसू लागला. ती डोळे मिटून तोंड उघडी, म्हणजे त्याचं तोंड पाहायला नको. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "लाज नाई वाटत तुले? पोराच्या हातून नशा खातं."

तिनं डोळे उघडले. "तू तीन महिन्यांचा होता. जिनात जातानी तुह्या जिभेवर मोहरीएवढी अफीम चाटवो. नाई तर तू रडला असता, अन् मुकादमानं मले हाकललं असतं. साऱ्याच बाया चाटवत. तुह्यातली उरली, ते मंग म्या खाल्ली."

तो उठून गेला. दुपारी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं अठराऐवजी पंधराच थेंब टाकले.

"तीन कमी हायेत," ती म्हणाली.

"घे गुमान."

दहा दिवसांत म्हातारीचे जुलाब परत सुरू झाले. ठरल्या दिवशी दवाखान्यात प्रेमदास कंपाउंडरनं बाटली उजेडात धरली. "भाऊ, हे तं संपाले पाह्यजे होती. एवढं उरलं कसं?" रांगेतले सगळे पाहू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तिला बरी करायला बसला नाहीत, शिक्षा द्यायला बसलात. आता सूनबाईच देतील."

तेव्हा धुरपताबाई बाकावरूनच बोलली, "नाई. त्याच्याच हातून घेईन. पण म्या मोजीन, मोठ्यानं."

आणि तिनं मोजलं. रोज सकाळी ओट्यावर बसून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. बाया पाण्याला जाता जाता थांबत. रूपराव मान खाली घालून थेंब टाकी. गोठ्यात माणसं आणून बांधणं त्यानं कधी सोडलं ते कोणी पाहिलं नाही, पण दसऱ्यानंतर कोणी बांधलं गेलं नाही. डिसेंबरात, रोजचे सहाच थेंब उरले असताना, त्यानं एकदा विचारलं, "माही कशी सोडवली होती?"

"आठ दिवस कोंडून ठेवला तुले. खूप बोंबलला." एवढं बोलून तिनं तोंड उघडलं.

सदाशिव त्या वर्षात दोनदा पुन्हा प्याला. दोन्ही वेळा स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेला. रूपराव वाटेत दिसला की तो मुद्दाम थांबून मायची तब्येत विचारी, आणि रूपराव सरळ पुढं निघून जाई.

फेब्रुवारीत औषध संपलं. गुडघ्यांना शेक आणि गोळ्या चालू राहिल्या, दुखणंही राहिलं. पंधरा दिवसांनी धुरपताबाईनं लुगडी बांधली आणि कारंज्याला लेकीकडे, आनंदाबाईकडे, राहायला गेली. बसमध्ये चढताना मुलानं पुढं केलेला हात तिनं झटकला आणि कंडक्टरचा धरला.

कारंज्याला ती सहा वर्षं जगली. अफू परत घेतली नाही. दुखण्यानं कुढत, लेकीशी भांडत राहिली. रूपराव दिवाळीला जाई. ती त्याला जेवू घाली आणि भिंतीकडे पाहत बसे. पंच्याऐंशी साली ती गेली, त्या दिवशी तो दुपारच्या बसनं पोचला. "माह्यासाठी काई बोलली?" त्यानं बहिणीला विचारलं.

"नाई," आनंदाबाई म्हणाली, आणि त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं.