कोठीतले बारा नळ

२७ मार्च. जेवणाची सुट्टी संपल्यावर जडवस्तू नोंदवही घेऊन कोठीत बसले. वर्षअखेरीला शाळेतली प्रत्येक खुर्ची, घंटा, पातेलं मोजून मुख्याध्यापिका म्हणून मला सही करायची असते. तेवढ्यात टेम्पो आला. त्यात हात धुण्याचं स्टीलचं स्टेशन, सहा नळांचं. तसंच एक गेल्या मार्चमध्ये आलेलं कोठीत उभं होतं, प्लास्टिकही न काढलेलं.

आमच्या विहिरीवरची मोटार त्याच्याही आधीच्या दिवाळीपासून जळलेली. स्वयंपाकाच्या मावशी शेजारच्या केळीच्या वाडीतून हंड्याने पाणी आणतात, ते खिचडीपुरतंच. मुलींच्या स्वच्छतागृहात थेंब नाही. सातवीच्या मुली जेवायला म्हणून घरी जातात त्या परत येत नाहीत. दुरुस्तीसाठी मी तीन पत्रं दिली होती.

मावशींनी नवं स्टेशन निरखून पाहिलं. "बाई, नळ झाले बारा. आता टेम्पोने पानी पन मागवा."

मी वरच्या कार्यालयात फोन लावला. साहेब म्हणाले, दुरुस्तीच्या हेडखाली पैसे नाहीत, खरेदीच्या हेडखाली आहेत आणि ते एकतीस तारखेच्या आत खर्ची पडले पाहिजेत. मी सुनावलं, पेपरात रोज सरकारने कर्ज कुठवर काढावं यावर वाद चालतो आणि तुम्ही कर्जाच्या पैशांतून कोणी न मागितलेले नळ वाटता. त्यांचा आवाज चढला नाही.

"मॅडम, गेल्या वर्षीच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर तुमचीच सही आहे. शंभर टक्के वापर. म्हणून तर यंदाही तुम्हाला मंजूर झालं."

सही माझीच होती. मार्चच्या गठ्ठ्यात, न वाचता केलेली. वाचलं असतं तरी केली असती, कारण सही अडवली की पुढचं अनुदान अडतं, असं सगळे सांगतात. वर्षभर सरकारी उधळपट्टीवर मीच सर्वांत जास्त बोलले होते. आणि सरकारच्या कामाला पदरचे पैसे घालायचे नाहीत, या माझ्या हट्टात मुलींचे इतके महिने गेले होते.

माल परत न्या म्हटलं, तर टेम्पोवाला म्हणाला, तशी ऑर्डर नाही. शेवटी पोच दिली आणि खाली लिहिलं: मागणी नव्हती. पाण्याअभावी दोन्ही संच पडून आहेत. गेल्या वर्षी मी दिलेलं प्रमाणपत्र चुकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत मावशींनी आणि मी मोटार उचलून रिक्षात घातली आणि मी वालीवला वाइंडिंगवाल्याकडे नेली. आठवडा लागेल म्हणाला. मी दोन दिवसांत मागितली आणि तिथेच स्टूल ओढून बसले.