मिल्काबाईंची जागा

मिल्काबाई झिराडकरांच्या नाकावर राग कायमचाच होता, पण गेल्या दोन वर्षांत तो तिथून खाली उतरलाच नव्हता. तिकडे इस्रायलात लढाई पेटली आणि इकडे नाशिकरोडला बिल्डिंगमधल्या लोकांना अचानक आठवलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या इतिहासाच्या निवृत्त बाई ज्यू आहेत. एकाने पेढे आणले, "तुमच्या लोकांनी दाखवून दिलं!" म्हणून. दुसऱ्याने बोलणंच टाकलं. बाईंनी पहिल्याला पेढ्यांसकट जिना उतरवला आणि दुसऱ्याला त्याच जिन्यात अडवून विचारलं, "मी काय घोडं मारलंय रे तुझं?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. इगतपुरीच्या रेल्वे चाळीत जन्मलेली, इंजिन ड्रायव्हरची मुलगी. भांडण मराठीत, रडणंही मराठीत. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा आणि पश्चिमेला, यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना म्हणायची, हे मात्र एकदाही चुकलं नाही. भावंडं एकेक करून तिकडे गेली. "तुम्ही का नाही गेलात?" असं कुणी विचारलं की बाई उलट विचारायच्या, "आणि तुम्ही का नाही गेलात?"

पण खरा भडका उडवला तो सख्ख्या भाच्याने. रूबेन, थोरल्या बहिणीचा मुलगा, विसाव्या वर्षी इस्रायलात अश्दोदला गेलेला, आता पन्नाशीत परत आला. इगतपुरीच्या पलीकडे डोंगरात ज्यूंची जुनी दफनभूमी आहे, तिला पक्की भिंत घालायची होती. बाईंचे आईवडील तिथेच आहेत. तिथे पुरलेल्यांच्या वारसांपैकी इथे राहणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून सही त्यांची लागणार होती. थडग्यांवर गुरं चरतात हे बाईंनाही खुपत होतंच. त्या खुशीने गाडीत बसल्या.

तिथे पोचल्या आणि थबकल्या. आईच्या थडग्याला लागून फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. ती सोमाच्या अंगणातून गेली होती आणि थेट त्याच्या घराच्या भिंतीला भिडली होती. सोमा म्हणजे तिथला भातवाला शेतकरी. तीन पिढ्या त्याच्याच घरच्यांनी या थडग्यांवरचं गवत काढलं होतं आणि खड्डेही खणले होते. बाईंच्या आईचा खड्डा सोमानेच खणला होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हद्द," रूबेन म्हणाला. "कागदावर सगळा तुकडा आपल्या समाजाचा आहे, मावशी. हे घर बेकायदा आहे. महिन्याभरात हलवायला सांगितलंय."

सोमा ओटीवर उभा होता. तो रूबेनकडे बघतच नव्हता. "बाई," तो म्हणाला, "तुमी पन याच्यात हाय का?"

मिल्काबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूबेनचा राग आलाच, पण सोमाला हे विचारावं लागलं याचा जास्त आला.

रूबेन समजावायला लागला. आवाज चढला, डोळे भरले. पोरगं लबाड नव्हतं. "मावशी, तू तर इतिहास शिकवलास. दाविदाची राजधानी यरुशलेमला होती. मंदिर दोनदा पाडलं, रोमनांनी आपल्याला देशोधडीला लावलं. आपले पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले, तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. दोन हजार वर्षं ती भूमी विसरलो नाही. आपली थडगी सगळीकडे फोडली गेली. निदान ही तरी आपल्या ताब्यात नकोत? जिथे आपली माणसं पुरलीत ती जमीन आपली!"

"झालं?" बाई म्हणाल्या. "तू म्हणालास ते सगळं खरं आहे. ती ओढ खोटी म्हणणाऱ्याच्या मी कानाखाली वाजवीन. पण अर्धीच गोष्ट सांगून भिंती बांधायला निघालास, लाज नाही वाटत? त्या भूमीत आपली पहिली जागा कुठली, सांग."

"हेब्रोनची गुहा," रूबेन पुटपुटला. "आपल्या मूळपुरुषाने, अब्राहामाने घेतलेली. बायकोच्या, सारेच्या दफनासाठी."

"कशी घेतली? देवाने मला सगळा देश देऊ केलाय, व्हा बाजूला, असं म्हणाला? तिथल्या लोकांपुढे वाकला तो! मी परका आहे, तुमच्यात राहतो, माझं माणूस पुरायला जागा द्या, असं म्हणाला. ते फुकट देत होते, तरी पुरती किंमत मोजली. आपल्या हक्काची सुरुवात त्या वाकण्यातून आहे. तू या माणसापुढे वाकलास?"

"मावशी, इथला आणि तिथला काय संबंध?"

"इथली जागा कुणी दिली, माहीत आहे? माझे आजोबा श्रावणात गेले. घाटात दरड कोसळलेली, गाड्या बंद, आपल्या दुसऱ्या दफनभूमीत न्यायची सोय नाही. आपल्यात माणसाला त्याच दिवशी मातीत जावं लागतं, आणि गावात कुणी हातभर जागा देईना. याच्या आज्याने, मंगळूने, नागलीच्या शेताचा कोपरा दिला. पैसे नाही घेतले. पुढे मोजणीवाल्याने त्याच्या घरासकट सगळा तुकडा आपल्या नावावर चढवला, तेव्हाही तो भांडायला आला नाही. म्हणून आता त्याच्या नातवाला हाकलतोस?"

बाई फक्कीच्या रेघेपाशी गेल्या, आईच्या थडग्याशेजारी उभ्या राहिल्या आणि सोमापुढे हात जोडून कमरेत वाकल्या.

"सोमा, मी परकी आहे. तुमच्यात राहते. मला पुरायला इथे जागा दे."

सोमा घाबरून ओटीवरून खाली आला. "असं काय करता बाई! जागा तुमचीच हाय की."

"माझी नाही म्हणून तर मागतेय!" बाई कडाडल्या. "हो की नाही, ते सांग."

सोमाने बायकोकडे पाहिलं. चांगुणा दारातून म्हणाली, "द्या की. आईच्या शेजारी व्हतील."

"घ्या बाई," सोमा म्हणाला.

मिल्काबाई भाच्याकडे वळल्या. "ऐकलंस? मी जिवंत आहे तोवर सही मिळणार नाही. मेल्यावर मी इथे असेन, तुझ्या या रेघेवर. आपल्यात थडगं हलवत नाहीत, हे तुला माहीत आहे. तेव्हा बांध भिंत माझ्या छाताडावरून."

रूबेन मान खाली घालून गाडीत जाऊन बसला. सोमाने बांधावरचे चार दगड आणले आणि जागेच्या चार कोपऱ्यांना ठेवले. बाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा भडकल्या.

"एवढीशी? पाय काय पोटाशी घेऊन झोपू?"

सोमाने पायाकडचे दोन्ही दगड उचलले आणि आपल्या दाराच्या दिशेने सरकवून ठेवले.