निळा अंगठा

पलसाण्याच्या आमच्या मिलमध्ये कापडाचा रंग कालवणारा एक खान्देशी माणूस आहे. त्याच्या रंगलेल्या बोटांना भेगा पडल्यात, म्हणून चहाचा ग्लास तो दोन्ही तळहातांत धरतो. बोलायच्या आधी हसतो आणि म्हणतो, "आता तुम्हीच सांगा, भाऊ."

परवा शेठनं आरोग्य विमा सक्तीचा केला. हप्ता कामगाराच्याच पगारातून. नाही म्हणेल त्याचा ओव्हरटाइम बंद. शिक्षा अजून कडक हवी का, यावर एसीत बसून तासभर चर्चा! अरे, कातडी जाते कुणाची आणि बोलतंय कोण? मी कारकून, मुकाट्यानं टिपून घेत होतो.

नकार देणाऱ्यांच्या यादीत त्या रंग कालवणाऱ्याचंही नाव होतं; सही घ्यायला मी त्याच्याकडे गेलो. या वेळी तो हसला नाही.

"आता तुम्हीच सांगा, भाऊ. रंगानं कातडी सोलली तर हा विमा काही देणार नाही, असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. मग शिक्षा मले कशाची?"

मी पेन पुढे केलं.

"सही येते मले. पण शेठले हात दिसू द्या."

शाईच्या पॅडला न शिवता त्यानं रंगानं ओलाच अंगठा यादीवर दाबला. निळा ठसा उमटला. त्यात रेषा नव्हत्याच, नुसत्या भेगा होत्या.