बॅगेखालचा कागद

नर्सिंग कॉलेजात मी सामुदायिक आरोग्य शिकवते. म्हणजे मुलींना गाडीत भरून खेड्यात नेते, घरोघर फिरवते आणि त्यांच्या चुका काढते. चुका काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मुली माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते फारसं खोटंही नाही.

या कामातली पहिली शिस्त बॅगेची. कुणाच्याही घरात बॅग जमिनीवर टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर बॅग ठेवायची. मग आपल्याच साबणाने हात धुवायचे, रुग्णाला तपासायचं, पुन्हा हात धुवायचे. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, चहा घ्यायचा नाही. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात नेऊ नयेत, एवढाच हेतू. परीक्षेत याला मार्क असतात. ते मार्क मिळवतच मी इथवर आले.

परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार झाला आणि मधुमेही लोकांच्या पायांची काळजी घेण्यासाठी धरणगावजवळचं एक गाव आमच्या वाट्याला आलं. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती होती. तिथे एक अक्का एकट्याच राहायच्या. मुलगा धुळ्याला हमाली करायचा. अक्कांना साखर होती आणि अंगठ्याला जखम. आम्ही गेलो तेव्हा अंगण नुकतंच सारवलेलं होतं. माझ्या विद्यार्थिनीने त्यावर कागद पसरला, बॅग ठेवली, हात धुतले. अक्कांनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने नको म्हणून परत सारला. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम.

अक्कांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि मुलीला नाही, मला विचारलं, "हाऊ कागद कसाले?"

"पद्धत आहे, अक्का. बॅग स्वच्छ राहावी म्हणून."

"मना घरमा इटाळ शे का?"

मी जंतूंवर भाषण दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाय बरा शे मना. जा तुम्ही."

मला राग आला. मला! माझ्या आईची आई त्याच भागातली. मालकाच्या वावरात कापूस वेचताना वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलेली. तिच्या नातीला ही बाई विटाळाचं विचारते? तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी कोण, कुठली, हे मी मुलींपुढे कधी बोलत नाही. आडनावावरून ज्याला कळायचं त्याला कळतं. परतीच्या वाटेवर मी सगळा राग मुलींवर काढला.

त्यानंतर आम्ही जातच राहिलो. अक्का ओट्यावर बसून पाऊसपाण्याचं बोलायच्या, मुलींची थट्टा करायच्या, पण पाय झाकलेलाच. एकदा मी बॅग गाडीतच ठेवून गेले, तर हसून म्हणाल्या, "आज कागद सरी गया का?" हळूहळू जखमेचा वास यायला लागला. त्या वासाचा अर्थ मला कळत होता.

मग करारातली पाहुणी आली. परदेशातली मोठी शिक्षिका, स्वतः नर्स. कॉलेजात रांगोळ्या, फलक, मुलींचे नाच. गावात मात्र ती सरळ अक्कांच्या अंगणात गेली, मांडी घालून जमिनीवर बसली, तांब्यातलं पाणी गटागट प्यायली आणि अक्कांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. अक्कांनी घेऊ दिला. ज्या पायासाठी मी इतके खेटे घातले तो असा सहज उघडा झालेला पाहून मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पाहुणीचं पोट बिघडलं. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं.

पण अंगणात पाय उघडला तेव्हाच अंगठा काळा पडलेला दिसला होता. तिने तिथेच मला बाजूला घेतलं. लगेच दवाखान्यात नेलं तर पाय वाचेल, नाहीतर नाही. मी ते अक्कांना सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "हाई येस का मनासंगे? मंग जास मी."

ती हो म्हणाली. दिवस ठरला.

नेमकं त्याच दिवशी कॉलेजात नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन निघालं, आणि फीत पाहुणीच्याच हातून कापायची होती. त्या रात्रीच तिचं विमान. मी प्राचार्यांशी भांडले. ते म्हणाले, "पत्रिका छापून झाल्यात, मॅडम." गाडी घेऊन मी एकटीच गेले. अक्का धुतलेलं लुगडं नेसून, गाठोडं बांधून अंगणात बसल्या होत्या. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं.

"ती कोठे शे?"

मी सांगितलं. हात जोडले, विनवण्या केल्या, शेवटी चिडलेसुद्धा. अक्का उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि गाठोडं सोडायला लागल्या.

महिन्याभराने परदेशी मंडळींशी ऑनलाइन बैठक झाली. पाहुणीने पहिल्यांदा त्या पायाचंच विचारलं. प्राचार्य म्हणाले, सुधारणा आहे. मी मध्येच म्हणाले, नाही, ती बाई दवाखान्यात आलीच नाही. मग पुढचा विषय निघाला.

ताप चढला तेव्हा मुलाने अक्कांना धुळ्याला नेलं. मी एसटीने पोचले, तोवर पाय गुडघ्याखालून काढून झाला होता. चादर एका बाजूला सपाट पडली होती. मी स्टुलावर बसले आणि इतके दिवस जे बोलले नव्हते ते बोलले. "अक्का, मी आपल्यातलीच आहे. माझ्या आईचं माहेर तुमच्या शेजारच्या गावचं."

"माले ठाऊक शे," अक्का म्हणाल्या. "तुनी आजी नि मी संगे कापूस येचाले जाऊत. तू उनी तवयच वळखी तुले. नाक तिनंच शे."

"मग मला पाय का नाही दाखवलात?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली.

अक्कांनी सपाट पडलेली चादर हाताने सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसरी कोनी कागद टाकती, तं मी पाय दखाडी देती. बठ्ठी जिंदगी तशीच गयी. पन तू तिनी नात शे."